दोष वाटून कमी होत नाही

नुसेरात ही मध्य गाझातली निर्वासितांची छावणी. छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबू येतात. पण १९४८ नंतर वसलेली ही वस्ती आता दाटीवाटीच्या सिमेंटच्या इमारती, अरुंद गल्ल्या आणि गजबजलेला बाजार असलेलं गावच झालेली आहे. ८ जून २०२४ रोजी, भर बाजाराच्या वेळी, इस्रायली पथकं तिथल्या दोन इमारतींत घुसली आणि चार ओलिसांना जिवंत सोडवून घेऊन गेली. त्या चौघांना ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, गाझावर सत्ता असलेल्या हमास या सशस्त्र संघटनेने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात, तिथल्या नोव्हा संगीत महोत्सवातून पळवून नेण्यात आलं होतं आणि आता ते लोकांच्या राहत्या घरांत कोंडलेले होते. सुटकेच्या वेळी गोळीबार सुरू झाला, पथकाला बाहेर काढण्यासाठी आसपासच्या वस्तीवर आकाशातून मारा झाला. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने मृतांचा आकडा २७४ सांगितला. इस्रायली लष्कराने तो शंभराच्या आत असल्याचं म्हटलं. इस्रायलमध्ये त्या दिवशी लोक आनंदाने रडत होते. देर अल-बलाहच्या अल-अक्सा रुग्णालयात जखमींना जमिनीवर ठेवायलाही जागा उरली नव्हती.

तीन दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या. ज्या पद्धतीने ही कारवाई झाली, त्यात नागरिकांचा बचाव आणि बळाचं प्रमाण यांचे युद्धनियम पाळले गेले का, असा गंभीर प्रश्न आहे. आणि इतक्या दाट वस्तीत ओलीस ठेवून पॅलेस्टिनी सशस्त्र गटांनी त्या ओलिसांचा आणि आपल्याच लोकांचाही जीव धोक्यात घातला. दोन्ही बाजूंची ही कृत्यं युद्धगुन्हे ठरू शकतात.

या विषयावर आजवर जे वाचलं, त्यात मला हे निवेदन सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. चार जीव वाचवताना इतके जीव गेले, याचा दोष कोणाचा? हमासचा, कारण ओलीस त्यांनी वस्तीत दडवले. इस्रायलचा, कारण मारा त्यांनी केला. दोन्ही उत्तरं खरी आहेत. गफलत त्यापुढच्या पायरीवर होते. हमासने दडवले, तेव्हा इस्रायल सुटलं. इस्रायलने मारलं, तेव्हा हमास सुटला. आपल्याकडच्या बहुतेक चर्चा या पायरीवर पाय ठेवतात आणि तिथूनच घसरतात.

दोष म्हणजे काही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की एका भावाच्या सातबाऱ्यावर दोन एकर जास्त चढले म्हणजे दुसऱ्याचे तेवढे कमी झाले. एकाच मृत्यूला दोन जण पूर्णपणे जबाबदार असू शकतात. दोघांची जबाबदारी वेगळ्या प्रकारची असेल, तिचं वजनही वेगळं असेल. पण एकाची मोजली म्हणून दुसऱ्याची घटत नाही.

ही माझी कल्पना नाही, युद्धाच्या कायद्यातच ती आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने ओलीस धरण्याला बंदी घातली आणि सामूहिक शिक्षेलाही. १९७७ च्या पहिल्या पूरक करारातलं ५१ वं कलम तर मुळातून वाचावं असं आहे. सातव्या पोटकलमात म्हटलंय, की नागरिकांची ढाल करायची नाही. लगेच आठव्या पोटकलमात म्हटलंय, की एका बाजूने नियम मोडला म्हणून दुसरी बाजू नागरिकांविषयीच्या आपल्या कर्तव्यातून मोकळी होत नाही. इस्रायलने या पूरक करारावर सही केलेली नाही, हे खरं. पण लढणारा आणि न लढणारा यांत भेद करायचा, बळाचं प्रमाण राखायचं, मारा करण्याआधी खबरदारी घ्यायची, ही तत्त्वं आता सर्वांनाच बांधील मानली जातात, आणि आपण ती पाळतो असा इस्रायली लष्कराचा स्वतःचाही दावा आहे. हा कायदा लिहिणाऱ्यांना माणसांचा स्वभाव ठाऊक होता. समोरच्याने ढाल केली की आपण ढालीवर वार करायला मोकळे झालो असं प्रत्येक सैन्याला वाटणार, म्हणून ती पळवाट त्यांनी लिहून बंद केली.

त्या ७ ऑक्टोबरकडे आधी नीट पाहायला हवं, कारण पॅलेस्टिनी लोकांविषयी मनापासून कळवळा असलेले आपल्यातले अनेक जण तो दिवस एका वाक्यात उरकतात. सुमारे १,२०० माणसं त्या दिवशी मारली गेली, त्यांतले बहुसंख्य सामान्य नागरिक. २५१ जणांना गाझात नेलं गेलं. मेलेल्यांत नेपाळहून शेती शिकायला आलेले दहा विद्यार्थी होते, थायलंडचे शेतमजूर होते, इस्रायलचे अरब मुस्लिम नागरिकही होते. बेएरी, नीर ओझ, कफार अझा या गाझाच्या सीमेलगतच्या किबुत्झांमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतींमध्ये, तर वर्षानुवर्षं शांततेसाठी काम करणारी माणसं राहत होती. गाझातल्या आजारी मुलांना सीमेवरून आपल्या गाडीत घेऊन इस्रायली रुग्णालयांत पोहोचवणारे स्वयंसेवक या भागातले. २०१४ च्या युद्धानंतर उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या शांतता चळवळीच्या एक संस्थापक व्हिव्हियन सिल्व्हर बेएरीत राहत. कित्येक आठवडे त्या ओलीस असतील असं सगळ्यांना वाटत होतं. नंतर त्यांच्या घरात सापडलेल्या अवशेषांवरून ओळख पटली. वेढ्यात जगणाऱ्या लोकांचा उद्रेक म्हणून या हत्याकांडाचं समर्थन करणाऱ्यांनी सांगावं, की त्यात व्हिव्हियन सिल्व्हर कुठे बसतात आणि नेपाळची मुलं कुठे बसतात.

त्यानंतर काही दिवसांतच इस्रायलचे अध्यक्ष आयझॅक हर्झोग म्हणाले, की गाझातलं सगळं राष्ट्रच जबाबदार आहे; तिथल्या लोकांना उठाव करता आला असता. पुढे त्यांनी खुलासा केला, की नागरिक हे लक्ष्य आहे असं आपल्याला म्हणायचं नव्हतं. पण हा विचार तेवढ्यावर थांबला नाही. गाझात निरपराध कुणी नाही, त्यांनीच हमासला निवडून दिलं, हे आज पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतही ऐकू येतं. आता हेच वाक्य उलटं करून पाहावं: इस्रायलमध्ये प्रत्येकाला लष्करी सेवा सक्तीची आहे, तेव्हा तिथे नागरिक असा कुणी नसतोच. हे हमासच्या समर्थकांचं जुनं वाक्य आहे. दोन्ही वाक्यांची आई एकच. ज्यांना मारायचं ठरलं आहे, त्यांचं निरपराधपण आधी काढून घ्यायचं.

आणि निवडणुकीचा हिशेबही करून टाकू. गाझा आणि वेस्ट बँक मिळून ती निवडणूक झाली जानेवारी २००६ मध्ये. हमासला मतं मिळाली सुमारे ४४ टक्के, जागा १३२ पैकी ७४. पुढच्याच वर्षी हमासने बंदुकीच्या जोरावर गाझाचा ताबा घेतला आणि त्यानंतर तिथे कायदेमंडळाची निवडणूक झालेलीच नाही. गाझाची जवळपास निम्मी लोकसंख्या अठरा वर्षांच्या आतली आहे. २००६ साली त्यांतला एकही मतदार नव्हता. त्यांतलं कुणी तेव्हा जन्मलेलंसुद्धा नव्हतं. आणि समजा एखाद्याने हमासला मत दिलं होतं, तरी मत देणं हा देहदंडाचा गुन्हा नाही. तो तसा असता तर जगातल्या कुठल्या लोकशाहीतला मतदार जिवंत राहिला असता?

‘पण सुरुवात कोणी केली?’ हा प्रश्न यापुढे येतोच. ज्याला जे उत्तर हवं, तो त्या सालापासून गोष्ट सुरू करतो. १९२९ साली हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंना ठार मारण्यात आलं. त्याच दंगलीत काही अरब कुटुंबांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं. ९ एप्रिल १९४८ रोजी जेरुसलेमजवळच्या देर यासीनमध्ये ज्यू सशस्त्र गटांनी शंभरावर गावकऱ्यांना मारलं. चारच दिवसांनी हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या वाहनांच्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला आणि डॉक्टर, परिचारिका धरून ७८ जण मेले. त्या वर्षाच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. गाझातली बहुसंख्य माणसं त्याच निर्वासितांची मुलं-नातवंडं आहेत. पहिला दगड शोधत मागे गेलं की दर वेळी त्याच्याआधीचा एक सापडतो. इतिहास माहीत हवा, कारण त्याशिवाय राग कुठून आला हे कळत नाही. पण राग समजला म्हणून खून माफ होत नाही, आणि हे दोघांनाही लागू आहे.

मग ‘दोघेही सारखेच’ असं म्हणून मोकळं व्हायचं का? मुळीच नाही. मला त्या वाक्याचीही चीड आहे, कारण बोलणाऱ्याला काहीच तपासावं लागत नाही आणि तरी तटस्थ असल्याचं समाधान मिळतं. प्रत्येक कृत्य वेगळं काढून पाहिलं तर दोघांचे गुन्हे एका मापाचे नाहीत.

गाझातल्या मृतांचा आकडा ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा ६७ हजारांच्या पुढे गेलेला होता. गाझाचं आरोग्य मंत्रालय लढवय्ये आणि नागरिक अशी विभागणी करत नाही, हे लक्षात ठेवू. पण त्यात अठरा हजारांहून अधिक मुलं आहेत, आणि मुलांबाबत तो वाद उरत नाही. हमास वस्तीतून लढतो, घरांखाली भुयारं खणतो, हे खरं आहे, आणि बॉम्बहल्ल्यांच्या बाबतीत या युक्तिवादाला काही वजन आहे. पण पिठाच्या पोत्याच्या बाबतीत? २ मार्च २०२५ पासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इस्रायलने गाझात अन्न, औषधं, इंधन यांतलं काहीही जाऊ दिलं नाही. सीमेवरची दारं त्यांच्या हातात होती, समुद्र त्यांच्या हातात होता. हमास धान्य चोरतो असं कारण दिलं गेलं. चोरी होत असेल, तर त्यावर उपाय जास्त धान्य पाठवण्याचा असतो. वीस लाख माणसांचं धान्य बंद करण्याचा नसतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी अन्नसुरक्षेचं मोजमाप करणाऱ्या आयपीसी या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. इस्रायल सरकारने तो अहवाल नाकारला. या उपासमारीच्या मध्ये कुणी मानवी ढाल उभी नव्हती. हा निर्णय कागदावर, शांत खोलीत, मंत्र्यांनी घेतला होता. माझ्या मते इस्रायलविरुद्धचा सगळ्यांत भक्कम आरोप बॉम्बपेक्षाही हाच आहे.

बॉम्ब आणि गोळ्यांबाबतही एक घटना विसरता येत नाही. १५ डिसेंबर २०२३ रोजी गाझा शहरातल्या शुजाइयामध्ये तीन तरुण उघड्या अंगाने, काठीला पांढरं फडकं बांधून सैनिकांसमोर आले. सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. ते तिघेही इस्रायली ओलीस होते, हमासच्या तावडीतून निसटलेले. हा गोळीबार आपल्या नियमांविरुद्ध होता, अशी कबुली लष्कराने दिली. ही कबुली मिळाली कारण मेलेले इस्रायली निघाले. पांढरं फडकं घेऊन आलेले पॅलेस्टिनी असते, तर ती बातमी झाली असती का? २३ मार्च २०२५ रोजी रफामध्ये रुग्णवाहिका आणि बचाव पथकांतल्या पंधरा जणांना मारून वाळूत पुरलं गेलं. गाड्यांवर दिवे नव्हते असं लष्कराने आधी सांगितलं; मेलेल्यांपैकी एकाच्या फोनमधल्या चित्रणात दिवे लागलेले दिसले, तेव्हा ते विधान बदलावं लागलं.

हमासचं माप त्यांच्या स्वतःच्या लोकांच्या बाजूनेही घ्यायला हवं. असं माप फार थोडे लोक घेतात. शेकडो किलोमीटरची भुयारं खणली, पण सामान्य माणसाला आसरा घ्यायला एक तळघर बांधलं नाही. हमासचे नेते मूसा अबू मरझूक यांना युद्धाच्या पहिल्या महिन्यात याविषयी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की भुयारं आमच्या लढवय्यांसाठी आहेत. गाझातले बहुतेक लोक निर्वासित असल्याने त्यांचं रक्षण ही संयुक्त राष्ट्रांची जबाबदारी आहे. ज्या सत्तेने हल्ल्याची तयारी इतकी काटेकोर केली, तिला उत्तरात काय येणार हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मार्च २०२५ मध्ये बैत लाहियात शेकडो लोक युद्ध थांबवा, हमास चालते व्हा, म्हणत रस्त्यावर आले. एका बाजूने बॉम्ब आणि दुसऱ्या बाजूने हमासच्या बंदुका, अशा ठिकाणी उभं राहून ते हे बोलले. गाझातला प्रत्येक माणूस हमास आहे असं म्हणणाऱ्यांनी आणि हमास म्हणजेच पॅलेस्टिनी जनतेचा आवाज असं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही त्या लोकांना गिळून टाकलं आहे.

दुरून असलेल्या दोषाचं काय, हा सगळ्यांत अवघड भाग. त्याचं एक उत्तर इस्रायलच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत लेबनॉनच्या ख्रिश्चन फलांगिस्ट टोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनी आणि लेबनीज लोकांची कत्तल केली. इस्रायली सैनिकांनी स्वतः कुणाला मारलं नव्हतं. त्यांनी छावण्यांना वेढा दिला होता, टोळ्यांना आत जाऊ दिलं होतं आणि रात्री प्रकाशगोळे सोडले होते. तेल अवीवमध्ये प्रचंड निदर्शनं झाली आणि सरकारला न्यायमूर्ती कहान यांचा आयोग नेमावा लागला. आयोगाने १९८३ मध्ये म्हटलं, की प्रत्यक्ष दोष टोळ्यांचा, पण पुढे काय होणार हे ज्यांना दिसायला हवं होतं, त्यांचा अप्रत्यक्ष दोष आहे. आणि संरक्षण मंत्री एरियल शेरॉन यांच्यावर व्यक्तिगत जबाबदारी ठेवली. शेरॉन यांना ते खातं सोडावं लागलं. मंत्रिमंडळात मात्र ते राहिले, आणि २००१ साली पंतप्रधानही झाले. शिक्षा तोकडी पडली, पण तत्त्व लिहून ठेवलं गेलं.

तेच तत्त्व आज सर्वांना लावून पाहावं. हमासच्या नेत्यांना उत्तराची कल्पना होती: अप्रत्यक्ष दोष. २०१८ पासून कतारचा पैसा हमासच्या गाझात आपल्या संमतीने जाऊ देऊन पॅलेस्टिनींमधली फूट टिकू देणारं नेतान्याहू यांचं सरकार: अप्रत्यक्ष दोष. दाट वस्तीवर कुठले बॉम्ब पडत आहेत हे माहीत असून ते पुरवत राहिलेली अमेरिका, आणि हमासला शस्त्रं-पैसा पुरवणारा इराण: त्यांचाही. यातल्या कुणाचाही दोष प्रत्यक्ष मारणाऱ्याच्या दोषातून वजा होत नाही.

इस्रायलवर असे आरोप केले की तो ज्यूद्वेष ठरतो असं म्हणणाऱ्यांना कफर कासिमची आठवण द्यावीशी वाटते. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी, संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणल्याचं माहीत नसलेले, शेतावरून घरी परतणारे जवळपास पन्नास अरब गावकरी इस्रायली सीमा पोलिसांनी मारले. हे गावकरी इस्रायलचेच नागरिक होते. त्या खटल्यात न्यायाधीश बेंजामिन हलेवी यांनी निकाल दिला, की काही आदेश इतके उघड बेकायदा असतात की त्यांच्यावर जणू काळा झेंडा फडकत असतो. असा आदेश पाळणारा सैनिक ‘मला सांगितलं होतं’ म्हणून सुटू शकत नाही. आज बेत्सेलेमसारख्या इस्रायली मानवाधिकार संस्था गाझातल्या विध्वंसाला वंशसंहार म्हणतात, तेव्हा त्या याच परंपरेत उभ्या असतात. वंशसंहार हा शब्द कायद्याने सिद्ध होतो का, याचा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालू आहे. त्याची वाट न पाहताही, उपासमार घडवणं हा गुन्हा आहे एवढं म्हणता येतं.

आपला याच्याशी काय संबंध, असंही विचारलं जातं. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात गाझासाठी निदर्शनं करू द्यावीत, ही मागणी फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही आपल्या देशातले प्रश्न बघा, असं सुनावलं. संबंध आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसमध्ये ज्यू म्हणून माणसं वेचून मारली गेली, ती आपल्या मुंबईत. कोकणातून गेलेले बेने इस्रायल ज्यू इस्रायलमधल्या अश्दोद, बेरशेबा, दिमोनात राहतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी अजून मराठी बोललं जातं, आणि रॉकेट येतं तेव्हा तेही जिवाच्या भीतीने आसरा गाठतात. आणि १३ मे २०२४ रोजी रफाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या खुणा असलेल्या गाडीत मारले गेलेले अधिकारी वैभव काळे पुण्याचे होते, भारतीय लष्करातून निवृत्त झालेले. तो मारा इस्रायली रणगाड्याचा होता, असं संयुक्त राष्ट्रांच्या प्रवक्त्याने सांगितलं. नरिमन हाउसचं दुःख मोठं मानायचं आणि या अधिकाऱ्याचं नाव विसरायचं, किंवा त्याच्या उलट, हे मला जमत नाही आणि कुणाला जमू नये असं वाटतं.

भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. दोघांशीही बोलू शकणारे देश जगात थोडे आहेत. तरी १२ जून २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव १४९ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. दहशतवादाचा निषेध करायचाच, पण गाझात उपासमार चालू असताना तटस्थ राहून कुठल्या ओलिसाचं भलं झालं?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू, माजी संरक्षण मंत्री योआव गॅलंट आणि हमासचे लष्करी प्रमुख मोहम्मद देइफ अशा तिघांविरुद्ध अटक वॉरंट काढलं. देइफ मारले गेल्याने त्यांच्यावरचं प्रकरण बंद झालं. उरलेल्या दोघांना कुणी हात लावलेला नाही. खटला उभा राहायचा तर पुरावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे फिरू दिलेलं नाही. आतून बातम्या देणारे पॅलेस्टिनी पत्रकार दीडशेहून कितीतरी अधिक संख्येने मारले गेले. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही, पण दोन मागण्या करायला सदस्यत्व लागत नाही. इस्रायलने गाझा पत्रकारांना आणि स्वतंत्र तपास पथकांना खुलं करावं. आणि ७ ऑक्टोबरचे हल्ले आखणारे व ओलिसांचे हाल करणारे जे हमासवाले जिवंत आहेत, त्यांना हमासला आश्रय देणाऱ्या देशांनी त्याच न्यायालयापुढे उभं करावं. यातली एकच मागणी करून थांबणाऱ्या सरकारला, पक्षाला किंवा लेखकाला दुसरी का केली नाही हे विचारायला हवं.